पुंजारामदादाच्या ‘मोहिमे’ची दुसरी आवृत्ती

औरंगपुरा, औरंगाबाद
९ ऑगस्ट १९८७

ती. पुंजारामदादा यांस सोनाजीचा वाकून नमस्कार. इथं सगळं खुशाल. मावशीचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावं.

दादा, तुम्ही रचलेल्या ‘मोहीम’ खेळाची पहिली आवृत्ती आम्ही कंपनीतल्या दोस्तांनी पानं सुटेपर्यंत खेळली. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी सरदार, वाटसरू, जे सोंग मिळंल ते घ्यायचं, फासे टाकायचे आणि गड मारायचा. मग दिवाळीत तुमची दुसरी आवृत्ती आली. (राग मानू नका.) फासे टाकायच्या आधी समोरच्याला बोलून पटवायचं, हा नियम वाचूनच आमचा जीव गेला. दिवसभर सायबाला पटवायचं, संध्याकाळी पुन्हा तेच कशाला? एक डाव खेळलो आणि पुस्तक गव्हाच्या कोठीखाली टेकू म्हणून सारलं.

त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्यातल्या बन्सी आणि त्रिंबकचं वाजलं. बन्सी म्हणे, नाव बदललंच पाहिजे. त्रिंबक म्हणे, नाय. एकाच मशीनवर काम, पण चार महिने बोलणं बंद. (पाना पाहिजे असला तरी मला मधे घालायचे.)

परवा शहर बंद होतं. दोघंही घरी कंटाळून, एकमेकांना न सांगता, माझ्याकडं आले. पहिली आवृत्ती आमच्या साडूनं सिल्लोडला नेलेली, म्हणून नाइलाजानं दुसरी काढली. मी सूत्रधार. चिठ्ठ्या टाकल्या तर त्रिंबक घाटातला चौकीदार आणि बन्सी वाटसरू. बोलल्याशिवाय फासे नाहीत. दोघं भिंतीकडं बघत बसले. चहा निवला.

शेवटी त्रिंबक म्हणाला, “कोण हाये? कुठं चालला?”

“पैठणला, बहिणीकडं,” बन्सी म्हणाला. “बाळंत झालीय.”

“हे खेळातलं का खरं?”

“खरं. मंगळवारी पोरगी झाली.”

त्रिंबक भिंतीकडून त्याच्याकडं वळला. “मला सांगितलं का नाय?”

“तू बोलत होतास का?”

त्रिंबकनं फासे न टाकताच घाट मोकळा केला. नामांतरावर दोघांचं अजून जमत नाही, पण आता भांडतात तरी थेट. दादा, तुमची दुसरी आवृत्ती चांगली आहे. चूक माझीच.

थोरांना नमस्कार, पोरांना पापे.

आपला,
सोनाजी

ता. क. – तिसऱ्या पानापुढचे नियम आम्ही अजून वाचलेले नाहीत.

ता. क. २ – तुमची भावजय आशाबाई दारातून ऐकता ऐकता डावात शिरली आणि नुसतं बोलून गड घेऊन बसली. आता दर रविवारी ती खेळणार आणि स्वयंपाक मी करणार. खरं तर पत्र त्यासाठीच आहे. पिठल्यात गुठळ्या झाल्या तर काय करायचं, ते मावशीला विचारून उलट टपाली कळवा. (मंडळी पानावर बसलेली आहेत.)