मौन सुटल्यावर

मंगळवार, जेवणं झाल्यावर

कामठीच्या ध्यानशिबिरातून आल्यापासून नवऱ्याचं रोज दिवेलागणीला तासभर मौन असतं. मन शांत राहतं म्हणे. कोणाचं? सासूबाईंना दिसत नाही. पोरगा घरात आहे हे त्यांना आवाजावरूनच कळतं. आज सोफा चाचपत त्यांनी मला विचारलं, "आला का वं तो?" हा हातभर अंतरावर डोळे मिटून बसलेला. मी मुद्दामच म्हटलं, "नाही आले अजून." त्याची पापणी हलली, तोंड उघडलं नाही. "काहून उशीर करून राहिला वं?" म्हणत म्हातारी दाराकडे तोंड करून बसली. पापणी हलली होती, मी पाहिलं ना. तास संपला, साहेब बोलले. पहिलंच वाक्य, "हो आई, आत्ताच आलो."

आज मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.