दोन विटांवरचं डालगं

देवगाव रंगारी
ता. ६ ऑगस्ट १९९६

अमिनाबीस आवडाचा नमस्कार. वि. वि. इकडं खुशाली, तिकडची कळवत जा.

तू धाडलेली दहा पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडली. मोठ्यांचं शिंपल्याचा चुरा घातलेलं खाद्य त्यांनाही मुठीनं घालते, हाडं पक्की व्हावीत म्हणून. तरी तीन गेली, बाकीची मान टाकून बसतात. अंगणातलं कोंबड्या झाकायचं रिकामं डालगं रोज कुणीतरी दोन विटांवर उपडं टेकवतं, खाली जोंधळ्याची कणी टाकलेली. मी विटा काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! भवती राख पसरली, तर माझ्या जावेचेच पाय उमटले. द्वारका करणी करते का मांजराला वाट देते, कोण जाणे. सोळा वर्षं एका चुलीवर काढली, पण पोटातलं कळलं नाही. रविवारी तिचे मालक सांडूभावजी वाळूजहून आले की चूल वेगळी करा म्हणणार.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
आवडा

गारखेडा
ता. ९ ऑगस्ट

आवडाबाईस अमिनाचा सलाम. तुझं पत्र वाचून हसावं का रडावं कळेना. सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी खोड लई जुनी.

अगं, तो चुरा अंडी देणाऱ्या कोंबडीला. पिल्लांचे गुर्दे जातात त्यानं. सगळ्यांना कणीच घाल, चुरा वेगळ्या वाडग्यात ठेव, लागेल ती कोंबडी खाईल. अन् डालगं विटांवर टेकवलं की पिल्लू खालून शिरतं, कोंबडी बाहेर राहते. ज्यानं टेकवलं त्यानं पिल्लांचं ताट वाढलं. भावजींना काही बोलू नको.

दुव्यात मला ठेव.
अमिना

देवगाव रंगारी
ता. १६ ऑगस्ट

अमिनाबीस आवडाचा नमस्कार.

पत्र मंगळवारी मिळालं. चूल रविवारीच वेगळी झाली. द्वारका भांडली नाय. एवढंच म्हणाली की, राख दिसली तवाच समजले. बाई, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आता विटा मीच लावते. पिल्लं आत दाणे टिपतात, कोंबड्या बाहेर फेऱ्या घालून थकतात. सातही हुशार झालीत.

काल द्वारकाच्या दारात पीठ मागायला गेले. माझ्या घरात डबा भरलेला होता. विटांचं मला कळलं नव्हतं, एवढंच कसंबसं म्हटलं. तिनं पीठ काही दिलं नाय. बसा म्हणाली, तवा तापलाय.

पोराबाळांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझी आवडा