अंधारात फिरलेलं विमान

उस्मानाबाद,
मंगळवार, ता. ८ डिसेंबर १९६४

चिरंजीव वीरप्पास नीलाक्का आत्याचे अनेक आशीर्वाद.

शनिवार, ता. ५ डिसेंबर १९६४ रोजी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तू माझ्यावर अन्याय केलास. त्या वेळी तू मद्रासच्या बंदरात होतास, ही सबब पुढे करू नकोस. अन्याय करायला माणूस हजर लागतोच असं नाही. तुझी प्रकृती ठणठणीत असेल, बोटीवरचं जेवण पचत असेल, सुनंदा आणि मुलं खुशाल असतील अशी आशा करते. माझी प्रकृती विचारशील तर मान दुखते आहे, आणि ती का दुखते आहे हेच पुढे लिहिते आहे.

आमचं विमान मंडळ तुला माहीत आहे. (दसऱ्याला आलास तेव्हा तू त्याला ‘म्हाताऱ्यांचा पोरखेळ’ म्हणालास. मी विसरलेले नाही.) दर शनिवारी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या पटांगणात आम्ही जमतो. आमची विमानं हातभर लांबीची, इंजिन खरं, आणि इंजिनाला एरंडेल लागतं. ते मी इतकं नेते की औषधवाला माझ्याकडे दयेने बघतो. विमानाला दोन बारीक तारा, तारांचं दुसरं टोक मुठीत. आपण वर्तुळाच्या मध्ये उभं राहून गरगर फिरायचं आणि विमान आपल्याभोवती. शर्यतीला दोघं एकाच वर्तुळात खांद्याला खांदा लावून फिरतात. गेली तीन वर्षं कप माझ्या कपाटात आहे. शाळा सुटल्यापासून, म्हणजे मला शाळेने सोडल्यापासून, या गावातल्या माणसांनी मला रस्त्यात थांबवावं असं तेवढंच एक कारण उरलं होतं.

तुझी मावससासू शांताक्का हिलाही या मंडळात मीच आणलं. विमान कुठल्या अंगाने धरायचं हे मी तिला दाखवलं, कारण ती ते कोंबडीसारखं पायाला धरायची.

तर शनिवारी मंडळाचं पहिलं रात्रीचं उड्डाण होतं. अमावास्या नुकती झालेली, आकाश काळंभोर. १ मेला कलेक्टरसाहेबांपुढे हाच कार्यक्रम व्हायचा आहे आणि पहिलं उड्डाण त्या दिवशी कोण करणार हे ठरायचं होतं. (म्हणजे ठरलेलंच होतं, फक्त आण्णासाहेबांनी तोंडाने म्हणायचं बाकी होतं. अध्यक्ष झाल्यापासून ते काहीच लवकर म्हणत नाहीत, वकिली सुटली तरी तारखा पाडायची सवय सुटत नाही.) मी तेरखेड्याहून मुद्दाम लांब फुलबाज्या करवून आणल्या होत्या. त्या शेपटीमागे तारेवर बांधल्या आणि इंजिनाची टाकी काठोकाठ भरली. इथेच माझी चूक झाली. आमच्या विमानाचा नियम असा की एकदा सुटलं की तेल संपेपर्यंत मूठ सोडता येत नाही. सोडली तर विमान कोणाच्या तरी छपरावर.

मी विमान सोडलं. फुलबाज्या फुलल्या, लोक ‘वा’ म्हणाले. तेवढ्यात टांगा आला आणि त्यातून शांताक्का उतरली. खाजाभाई रेडिओवाल्यांच्या हातात पेटी होती, तिच्यावर जर्मन अक्षरं होती. मी फिरत होते, त्यामुळे पुढचं सगळं मला एका फेरीला एकेक असं दिसलं. एका फेरीला आण्णासाहेब उठत होते. पुढच्या फेरीला त्यांची खुर्चीही नव्हती. त्यापुढच्या फेरीला लोकांच्या पाठी दिसल्या आणि मग त्यांतला कोणीतरी शहाणा गॅसबत्तीही उचलून तिकडे घेऊन गेला. फुलबाज्या विझल्या. मी काळ्याकुट्ट अंधारात, न दिसणाऱ्या विमानाच्या मागे, नुसत्या आवाजावर आणि मुठीतल्या ओढीवर फिरत राहिले. तेल संपलं तेव्हा ते मी असं उतरवलं, वीरप्पा, की गवताचं पातंही मोडलं नसेल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर उतरवणं होतं ते. एका माणसाने पाहिलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

तिकडे तुझी मावससासू खुर्चीत बसून विमान उडवत होती. बसून. मांडीवर पेटी, पेटीला एकच बटण, ते दाबलं की विमान वळतं. तार नाही, फिरणं नाही. एका पंखाला लाल दिवा, दुसऱ्याला हिरवा. ते जिनिंगच्या धुराड्यावरून गेलं, चिंचेला वळसा घालून परत आलं, आणि एरंडाच्या शेतात आपटलं तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तोल सांभाळत तिथवर पोचले. आण्णासाहेब आकाशाकडे बघतच म्हणाले, “बाई, तुमचं झालं व्हय? लई छान.” आणि शांताक्का आपल्या शेजारची खुर्ची थोपटत म्हणाली, “नीलाक्का, लई फिरलात. बसा आता, चक्कर आली असंल. आमच्या वीरप्पानं हॅम्बुर्गहून आणलं बघा.”

आमच्या वीरप्पाने.

कॉन्व्हेंटमध्ये मला शिकवलं होतं तसं मी हसले आणि अभिनंदन केलं. दसऱ्याला तू मला जर्मन कात्री दिलीस. कात्री उत्तम आहे, मी तिने कागद कापते. तुझं नाक पुसायला मी होते, बोटीवरच्या तारायंत्राच्या नोकरीसाठी तुला मोर्सची कटकट पाठ होईना तेव्हा पाटावर लाटण्याने वाजवून घ्यायला मी होते, आणि रेडिओचं विमान मात्र दसऱ्याला पुरणपोळी वाढणाऱ्या बाईला. असो. मला हेवा वाटतो असं समजू नकोस. सिस्टर आग्नेस शिकवायच्या की शेजाऱ्याचं घर, बैल, गाढव, कशाचाही लोभ धरू नये. विमानाचा उल्लेख त्यात नव्हता, मी नीट आठवून पाहिलं, तरी मी धरलेला नाही. मला काहीही नको. केवळ तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
नीलाक्का

ता. क. जानेवारीत तुझी बोट पुन्हा हॅम्बुर्गला जाते असं सुनंदाने लिहिलं आहे. तशीच एक पेटी आण. मे उजाडण्याआधी इथं पोचली पाहिजे.

ता. क. २. पेटी शांताक्काच्याच रेडिओ-लहरीवरची हवी, दुसरी चालणार नाही. खाजाभाई म्हणतात, एका लहरीवरच्या दोन पेट्या एकदम लावल्या तर एकीचं विमान दुसरीचं ऐकतं, म्हणून एक बंद ठेवावी लागते. हे ऐकताच आण्णासाहेबांनी नियम केला: पहिला मान वयाने मोठ्याचा, धाकट्याने पेटी बंद करून थांबायचं. (जिल्ह्यात पेटी एकच असताना हा नियम केला. वकील.)

ता. क. ३. चाळीस वर्षं मी सांगत आले की शांताक्का माझ्याहून मोठी, आणि ती सांगत आली की मी. फार विचार केल्यावर मला असं वाटतं की ती खरं बोलते. तेव्हा मी तिच्याहून मोठी आहे असं घरातला पुरुष या नात्याने सहीनिशी लिहून पाठव. पत्र आण्णासाहेबांच्या हातात द्यायचं आहे, तोंडी निरोप नको. गुरुवार, ता. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळच्या टपालाआधी लेखी उत्तर मिळालं पाहिजे. आणि त्यात नुसतं ‘मोठी’ एवढंच लिही. कितीची, ते लिहू नकोस.