नामदिनाला दार उघडंच असतं

लिपोवो, ४ सप्टेंबर २००३

चि. व्हेन्का हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाचं ऐकतेस, म्हणून लिहायला बसले. राजधानीतून चौकशी समितीचं उत्तर आलं. योआनाच्या उपचारांत कसलीही हयगय झाली नाही म्हणे! ड्यूटीवरचे डॉक्टर पावेल हाजिएव संध्याकाळभर वॉर्डातच होते, असं विभागप्रमुख स्तामेनोव्ह यांनी सांगितलं, समितीने मान डोलावली, त्यांच्याच खोलीत पोटभर जेवली आणि गेली.

अगं, मी बाहेर बाकावर बसले होते! बाळाचं रडणं ऐकून मी आनंदाने छातीवर क्रूस काढला, आणि पाठोपाठ सुईण गिन्का कोपरापर्यंत रक्ताने माखलेली बाहेर आली. फोनकडे धावली, आत गेली, पुन्हा फोनकडे धावली. डॉक्टर नावाचा माणूस काही येईना. आला तेव्हा माझी लेक थंड पडली होती, आणि त्याच्या तोंडाला राकिया दारूचा वास येत होता. दिमित्रोव्हदेन ना त्या दिवशी, संत दिमितरचा सण! म्हणजे त्याच नावाच्या दिमितर स्तामेनोव्हचा नामदिन, सगळा वॉर्ड त्याच्या घरी कोकरू फोडत बसलेला. हे गावात कुणाला ठाऊक नाही? पण सांगायची वेळ आली की सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटतात.

मी योआनाचं फोटो असलेलं शोकपत्रक हॉस्पिटलच्या फाटकावर लावते, चौकीदार फाडतो, मी पुन्हा लावते. काल तो बिचारा म्हणाला की आजी, माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, माझी मुलगी गेलीये. घरी आल्यावर जरा वाईट वाटलं. आज सकाळी परत लावून आले.

योआनाची लिली मजेत आहे. दात आलेत, आणि आजीवरच त्यांना धार लावते. जावई ट्रक घेऊन बाहेर असतो.

तुझा लोभ आहेच, तो वाढू दे. राग माझ्याकडे भरपूर आहे, त्यात तुझा घालू नकोस.

तुझी,
स्तोयना

वार्ना, १५ सप्टेंबर

ती. स्तोयनाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरच्या मिरच्या जळाल्या. घरभर धूर, मी आपली डोळे पुसतेय. शेजारीण म्हणाली, मिरच्यांचा धूर आहे ना? हो म्हटलं, आणखी काय सांगू तिला.

ताई, मी तुला लहानपणापासून ओळखते. शेजारच्या बोरिसने तुझं हंसाचं पिल्लू मारलं तर तू तुझं लग्न होईपर्यंत त्याच्या आईशी बोलली नव्हतीस. म्हणून हात जोडून सांगते, त्या पावेलच्या वाट्याला नीट विचार करून जा. उंदराचं औषध, कात्री, असलं काही डोक्यात असेल तर आधी लिलीच्या तोंडाकडे बघ. आई गेली, आता आजी तुरुंगात गेली तर ती कुणाला चावेल?

गिन्का बोलणार नाही. तिची दोन पोरं आहेत आणि तिची बढती-बदली स्तामेनोव्हच्या हातात. तू जिल्ह्याला जा. तिथे सरकारी वकील म्हणून नेदा कोस्तोव्हा नावाची बाई नव्याने आलीये. कुणाकडचा चहासुद्धा पीत नाही, अशी तिची ख्याती इथपर्यंत पोचलीये.

तब्येतीला जप, आणि या धाकटीवर ओरडायचं असेल तर खुशाल ओरड, पण लिहीत जा.

तुझी,
व्हेन्का

लिपोवो, २ ऑक्टोबर

चि. व्हेन्का हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकलं बाई एकदाचं. कोस्तोव्हाबाईंना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा पाणी दिलं. मग म्हणाल्या की समितीचा अहवाल एका बाजूला, विभागप्रमुखाचा जबाब त्याच बाजूला, आणि दुसरीकडे फक्त एका आईचा शब्द. गेल्या नामदिनाला स्तामेनोव्हच्या टेबलाशी बसलेलं एक माणूस बोलू दे, उद्याच्या उद्या प्रकरण उघडते.

बोलता बोलता कळलं की त्यांनी घर घेतलंय ते इथेच लिपोवोत, आणि स्तामेनोव्हच्याच इमारतीत. मी सहज विचारावं तसं विचारलं की मग शेजाऱ्याच्या नामदिनाला जाणार असाल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जायला हवं, रीत आहे.

आहेच रीत. नामदिनाला आमंत्रण नसतं, येईल तो पाहुणा, आणि दार लावून घेणाऱ्याच्या तोंडावर गाव थुंकतं. योआनाचं वर्षश्राद्धही नेमकं त्याच दिवशी. सकाळी स्मशानात दिवा लावीन, श्राद्धाचे गहू शिजवीन आणि वाटायला निघेन. आता कुठल्या घरी वाटायचे, ते माझं मी ठरवीन ना?

उंदराच्या औषधाची काळजी करू नकोस. इतकं सोपं मरण मी त्याला द्यायची नाही.

लोभ कर, आणि गव्हात घालायला तुझ्या झाडाचे अक्रोड पाठव.

तुझी,
स्तोयना

वार्ना, १२ ऑक्टोबर

ती. स्तोयनाताईस सा. न. वि. वि.

अक्रोड बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेत. मी स्वतःच येणार होते, पण मिरच्यांच्या बरण्या फळीवर ठेवताना स्टुलावरून पडले. पाय प्लास्टरमध्ये. हस, हस, मला माहीत आहे तू हसणार.

एक मागणं आहे. स्तामेनोव्हची बायको त्स्वेता मनाने चांगली आहे. योआनाच्या लग्नातला केक तिने आपल्या हाताने केला होता. तिला दुखवू नकोस.

जे घडेल ते सगळं लिही, काही गाळू नकोस. माझा जीव इथे टांगलेला आहे.

तुझी,
व्हेन्का

लिपोवो, ३० ऑक्टोबर

चि. व्हेन्का हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काही गाळत नाही, ऐक.

दिमित्रोव्हदेनच्या संध्याकाळी काळी वस्त्रं, काळा रुमाल, हातात गव्हाचा वाडगा, अशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. दार सताड उघडं. स्तामेनोव्ह मला बघून पांढराफटक पडला, पण त्स्वेता धावत आली, गळ्यात पडली आणि मला चांगलं टेबलाशी मधोमध बसवलं. समोर पावेल, शेजारी गिन्का, टोकाला कोस्तोव्हाबाई, पुढ्यात सफरचंदाचा साधा तुकडा. बाईंची ओळख त्स्वेताने वरच्या मजल्यावरच्या नव्या शेजारीण अशी करून दिली. त्या काय काम करतात ते पुरुषांना ठाऊक होतं, हिने विचारलंच नव्हतं.

मी वाडगा मांडीवर ठेवून गुपचूप बसले. मी गप्प म्हटल्यावर हळूहळू त्यांची भीड चेपली, पेले भरले. त्स्वेता कोकरू घेऊन आली तेव्हा मी कौतुकाने म्हटलं की तुझं टेबल दरवर्षी असंच भरतं का गं? गेल्या वर्षी मला काही यायला जमलं नाही.

व्हेन्का, आपल्याकडच्या बाईला तिच्या पाहुण्यांबद्दल विचारावं आणि ती थांबेल? स्तामेनोव्ह खाकरला, टेबलाखालून पाय मारला, पण ती सुटलीच. गेल्या वर्षी तर याहून मजा होती म्हणाली. पावेल याच खुर्चीत बसून गात होता. मधेच फोन वाजला, तो उठायला लागला, तर दिमितरनेच फोन घेतला आणि सांगितलं की तासभर सांभाळा, पावेल येतोय. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. केक कापल्याशिवाय पाहुण्याने जायचं म्हणजे काय, म्हणून मीच त्याचा कोट पलंगाखाली दडवला! आणि ती हसली.

कुणीच हसलं नाही. पावेल त्या संध्याकाळी सुट्टीवर आहे असं तिला सांगितलेलं, आणि योआना दुसऱ्या दिवशी सकाळी गेली असंही. तिने एकेकाचं तोंड पाहिलं, मग माझ्या मांडीवरचा वाडगा पाहिला. तिच्या हातातला चमचा खाली पडला. तेव्हा मला तिची दया आली. आली आणि मी ती गिळून टाकली.

मग मी उठले आणि गहू वाटायला लागले. श्राद्धाचे गहू कुणी नाकारत नाही, आणि घेताना गेलेल्याला देव क्षमा करो म्हणायचं असतं. गिन्काने घेतले आणि देव तिला क्षमा करो म्हणता म्हणता हुंदके देऊन रडायला लागली. दोन्ही फोन मीच केले होते, मीच, असं मोठ्याने म्हणाली. स्तामेनोव्हने घेतले. पावेलसमोर मी चमचा धरून उभी राहिले. त्याने तळहात पुढे केला. ओठ हलले, देव तिला क्षमा करो. मी म्हटलं, तिला करेलच, तिने काय केलंय? तुला मात्र मी करणार नाही. खा. आणि तो दाणान् दाणा चावून खाईपर्यंत मी हलले नाही.

कोस्तोव्हाबाईंनीही गहू खाल्ले, क्षमेचे शब्द म्हटले, तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात त्स्वेताला आणि गिन्काला विचारलं की हेच उद्या कचेरीत येऊन सांगाल का.

प्रकरण उघडलंय. पावेलवर आहे, खोटं सांगितल्याबद्दल स्तामेनोव्हवर आहे, आणि समितीच्या अध्यक्षालाही बोलावणं गेलंय, कुणाच्या खोलीत जेवलात ते सांगायला. फाटकावरचं शोकपत्रक चौकीदार आता फाडत नाही. काल वाऱ्याने सुटलं होतं तर त्यानेच खिळा मारला.

काल त्स्वेता दारात आली. जबाब देऊन आलीये, नवऱ्याचं घर सोडलंय, बहिणीकडे राहते. माझा वाडगा परत आणला होता, रिकामा कसा आणेल, सफरचंदं भरून. कोटाबद्दल क्षमा मागितली. क्षमेचे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते गं, तुझी आठवणही झाली. पण मी वाडगा घेतला आणि तिला आत ये म्हटलं नाही. सफरचंदं लिलीला किसून दिली. तिने मिटक्या मारत खाल्ली.

वर्ष झालं, आता काळा रुमाल सोड असं पाद्रीबाबा म्हणतात. नाही सोडत. पावेल आणि स्तामेनोव्ह आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहीपर्यंत डोक्यावर राहील. त्यांचे वकील तारखा लांबवतील, हे मलाही कळतं. लांबवू देत. पुढच्या दिमित्रोव्हदेनला ते बाहेर असले तर मी पुन्हा गहू शिजवीन आणि जाईन, त्याच्या पुढच्यालाही जाईन.

पाय बरा कर. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, आणि दरवर्षी अक्रोड पाठवत राहा.

तुझी,
स्तोयना