पांढरी पाटी

१४ नोव्हेंबर, ईट
रेकॉर्डिंग संपलं एकदाचं. गावच्या घरी ओसरीवर बसून, मोबाइल आईच्या पुढ्यात धरून. परवा सोलापुरात तिचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार, श्वास गळ्याच्या भोकातून, बोलणं कायमचं बंद. आबांना पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा कुठं पटलं. मग म्हणाले, "मग घरात बोलनार कोन?"

आईला लिहिता येत नाही. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना वाचता येत नाही. म्हणून माझं डोकं चाललं ते असं: तिची रोजची वाक्यं आधीच साठवून ठेवायची, बटण दाबलं की तिच्याच आवाजात वाजायची.

"अवो, चहा ठिवलाय." "जेवून घ्या." "मोटर बंद करा." "म्हशीला पानी दावलं का?" "कोन हाय?" "आलास व्हय रं." "गप बसा." हे शेवटचं म्हणताना हसली. हेच लई लागंल म्हणाली.

"दुखतंय" म्हण म्हटलं. ऑपरेशननंतर लागणारच. तर म्हणाली, "त्ये न्हाय म्हननार मी." का? "दुखतंय म्हनून कुनाला ऐकवायचं? ऐकून कोन काय करनार हाय?"

घसा आधीच बसलेला. जास्त ताणलं नाही. नंतर बघू म्हटलं. नंतर म्हणजे कधी, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोलापूर
ऑपरेशन झालं. सकाळी डोळे उघडले. ओठ हलले, आवाज नाही. आबा खाटेच्या पायाशी उभे. "काय म्हनती?" मला विचारलं. मला ओठ वाचता येईनात. पाणी मागतेय म्हणून सांगितलं, आणि पाणी तर द्यायचं नव्हतं.

२ डिसेंबर, नळदुर्ग
परत आपलं कॉम्प्युटरचं दुकान, आपले गिऱ्हाईक ढाबे. कुणाचं बिल निघत नाही, कुणाचा प्रिंटर अडकला. डोकं लागत नाही कशात.

हायवेवरचा एक ढाबा बंद पडला. त्याचं बिलिंगचं टच मशीन मालकानं घेऊन जा म्हटलं. त्यात माझाच प्रोग्रॅम होता. शेवभाजी, तंदूर रोटी, जिरा राइस, बोटानं दाबायची मोठी बटणं. तीच बटणं आईला करून देतोय. नवा प्रोग्रॅम, दाबलं की बिलाऐवजी आवाज. शेवभाजीच्या जागी "जेवून घ्या". प्रत्येकावर चित्र.

"दुखतंय"चंही केलं, खाली कोपऱ्यात, लाल. आत आवाज नाही, कुठून आणणार. पण काढून टाकायला हात होईना.

माझ्या लॅपटॉपवर झकास चालतं. "कोन हाय?" वाजवलं तर मीना स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर आली. सासूबाई आल्या वाटलं. मग तिथंच उभी राहून रडली. मी आवाज कमी केला.

९ डिसेंबर, ईट
फजिती.

मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. तुळजापूर, धाराशिव, भूम, तीन एसट्या बदलल्या. भूमला बाजाराची गर्दी, एक बाई गोधडी बघून म्हणाली, लेकरू लई शांत हाय. बरं म्हटलं.

आई नवं लुगडं नेसून बसली होती. गळ्याला पांढरा कपडा. शेजारच्या शेवंताकाकू आल्या. मशीन चालू केलं, प्रोग्रॅमवर बोट ठेवलं, आणि पडद्याच्या मधोमध पांढरी पाटी. अमुक लायब्ररी फाइल सापडत नाही, प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही.

ती फाइल माझ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून आहे. म्हणून ती लागते हेच कधी ध्यानात आलं नाही. गिऱ्हाइकाकडं जाताना सगळं बैजवार पेन ड्राइव्हवर भरतो. आईकडं येताना नुसता प्रोग्रॅम आणि आवाज घेऊन आलो. घरचंच तर आहे.

मोबाइलच्या नेटवरून ती फाइल उतरवली. मग दुसरी मागितली. ती दिली तर म्हणे विंडोजच जुनी आहे. शेवंताकाकू चहा पिऊन गेल्या. आई बराच वेळ पडद्याकडं बघत बसली, मग उठून चुलीकडं गेली.

आबांनी विचारलं, काय लिव्हलंय त्या पाटीवर. सांगितलं, प्रोग्रॅमला सोबतीला ज्या फाइली लागतात त्या नाहीत.

"मग सोबतीचं घिऊन याचं की रं," एवढंच म्हणाले.

रात्री मशीन गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

१३ डिसेंबर, नळदुर्ग
प्रोग्रॅम पुन्हा बांधला. लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी त्याच फोल्डरात, जुन्या विंडोजवर चालतील अशा. या वेळी माझ्या लॅपटॉपवर विश्वास ठेवला नाही. किराणावाल्याच्या जुनाट कॉम्प्युटरवर टाकून बघितला. "म्हशीला पानी दावलं का?" असा आवाज दुकानात घुमला. गिऱ्हाइकं बघायला लागली. चाललं.

२१ डिसेंबर, ईट
चाललं. इथंही चाललं.

आईनं पहिलं बटण दाबलं ते "गप बसा". आबांकडं बघून. आबा तसेही गप्पच होते. मग "चहा ठिवलाय". मग "मोटर बंद करा", मोटर चालू नसताना. गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. आबा म्हशीला वैरण टाकायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

निघण्याआधी एकेक बटण दाबून तपासलं. लाल सोडून. त्यात काय तपासायचं.

एसटीत बरं वाटलं. खूप दिवसांनी.

५ जानेवारी
आबांचा फोन. पांढरी पाटी परत आली म्हणे. काय लिहिलंय? "विंग्रजी हाय. आन मला कुठं दिसतंय." बंद करून चालू करा म्हटलं. केलं, चाललं. एखादी लायब्ररी उडाली असणार. जुनं मशीन, काय सांगावं.

११ जानेवारी
परत तेच. आबा म्हणाले, सकाळी धार काढून आलो की दिसते. कधी दुपारी शेतातून आलो की. बाकी समदं बोलतंय, पाटी तेवढी येती.

बंद-चालू करत जा म्हटलं. दुसरं फोनवर काय सांगणार.

आईशी बोलायचं म्हणून फोन तिच्याजवळ द्यायला लावला. नुसता श्वास ऐकू आला. गळ्यातून येतो तो, वेगळाच, घरघर. मीच बडबडलो. थंडी फार आहे, पोरं बरी आहेत, असलं काहीतरी.

१९ जानेवारी
मशीनला शिव्या घालत होतो. मीना म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. राग आला. खरं बोलली म्हणूनच.

उसाच्या गाड्या रात्रंदिवस चालू आहेत, सगळे ढाबे जोरात, जायला सवड नाही. आबांचा फोन आला की आधी धडकी भरते, मग पाटीचं ऐकून हायसं वाटतं. पाटीच आहे ना, दुसरं काही नाही.

२ फेब्रुवारी, ईट
सगळ्या लायब्ररी नव्यानं घेऊन आलो. जादाच्या पण घेतल्या.

गरज नव्हती.

आबा गोठ्यात धार काढत होते. मी मोरीवर हातपाय धूत होतो. आत आलो तर आई मशीनपुढं बसलेली, एक हात गळ्याच्या कपड्यावर, डोळे मिटलेले. समोर पांढरी पाटी. मी वाचली. लायब्ररीची नव्हतीच. ती आली असती तर प्रोग्रॅम उघडलाच नसता, एक शब्द वाजला नसता. आबा फोनवर सांगतच होते, बाकी समदं बोलतंय म्हणून. माझ्या कानावरून गेलं.

पाटी माझ्याच प्रोग्रॅमची होती. आवाजाची फाइल सापडत नाही. फाइलचं नाव: दुखतंय.

आईनं डोळे उघडले, मी दिसलो. पटकन मशीनवरचं बटण दाबायला गेली, पाटी मधे आडवी. मी ती घालवली. मग तिनं दाबलं, "अवो, चहा ठिवलाय."

चूल पेटलेली पण नव्हती.

कधीपासून दुखतंय विचारलं. हातानंच उडवून लावलं. मीनाच्या आवाजात शब्द भरून देतो म्हटलं, म्हणजे आबांना कळेल तरी. तिनं माझं मनगट धरलं. जोर अजून तोच आहे. मान हलवली, गोठ्याकडं बोट दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

ते बटण वाजत नाही म्हणूनच ती ते दाबते. सांगायचंय, पण कुणाला ऐकू जायला नको. आणि मी महिनाभर लायब्ररी शोधत बसलो. उंटावरचा शहाणा.

३ फेब्रुवारी, ईट
आबांना बांधावर गाठून सांगितलं. ज्वारीचं एक कणीस हातावर चोळलं. मग म्हणाले, म्या रोज मशीन बंद-चालू करीत व्हतो. तूच सांगितलं व्हतं.

व्हय म्हटलं.

आज बटणात आवाज भरूनच जातो म्हटलं, तिला आवडो न आवडो. आबांनी मान हलवली. "आवाज घालू नगं. घातलास तर ती दाबायची न्हाय. पाटी दिसली की मला कळंल. तेवढं ऱ्हाऊ दे."

राहू दिलं. चूक माहीत असून तशीच ठेवून निघालो. धंद्यात हे कधी केलं नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरांना फोन केला. दहा तारखेला घेऊन या म्हणाले.

१० फेब्रुवारी, सोलापूर
डॉक्टरांनी गळा चाचपला. कानाखाली गाठ लागतेय म्हणाले. आईला विचारलं, दुखतं का? तिनं मान हलवली. नाही.

आबा मधेच बोलले. डॉक्टरांशी कधी बोलत नाहीत ते. "दुखतंय तिला. सकाळी दुखतंय, दुपारी दुखतंय. मला रोज दिसतंय."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मशीन तिथं असतं तर "गप बसा" वाजलं असतं. पण मला वाटतं ती नुसती चिडली नव्हती. तिला तेव्हा कळलं की पाटी कशाची आहे हे आबांना ठाऊक आहे.

गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठवडा तरी लागेल. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. परतीच्या एसटीत आई खिडकीशी, आबा तिच्या शेजारी, मी मागच्या बाकावर. भूमपर्यंत दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

१३ फेब्रुवारी, नळदुर्ग
आबांचा फोन. सोलापूरवरून आल्यापासून पाटी आलीच नाही म्हणाले. गोळ्यांनी उतार पडला असंल, नव्हं का? मी म्हटलं, असेल.

गोळ्यांनीच पडला असेल. का आबांना कळतं म्हणून तिनं ते बटणही सोडलं? सोलापुरात आबांनी बोलायला नको होतं. पण न बोलून तरी काय करणार होते. मी तर आवाजच घालायला निघालो होतो.

मीनाला विचारलं, तुला काय वाटतं. ती दिवा लावायला उठून गेली.

१६ फेब्रुवारी
रिपोर्ट नाही आला. उद्या विचारा म्हणाले.

संध्याकाळी आबांचा फोन. आधी म्हशीचं सांगितलं, मग हरभऱ्याचं. मग, "आज बी पाटी आली न्हाय."

गोळ्या घेते का विचारलं. घेती म्हणाले. जेवते का? थोडं थोडं. रात्री झोप? मला झोप लागती रं, तिचं कसं सांगू म्हणाले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "जेवून घ्या."

नोव्हेंबरातला आवाज. ओसरीवर बसून काढलेला, घसा बसलेला तरी ठणठणीत. रोज तोच, तेवढाच. त्यावरून आजचं काय कळणार.

"ऐकलंस का," आबा म्हणाले. "बोलती की."

व्हय म्हटलं. जा, जेवून घ्या.