खळ्यावरचं सहावं दृश्य

८ सप्टेंबर २०२५, नल्लकुंटा
सकाळी पुण्याहून पोचले. एकनाथरावांनी वरची हवेशीर खोली दिली. त्यांची नात त्रिवेणी माझी जोडीदार. कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या तीन पाहून तिने विचारलं की आंटी इथे लायब्ररी टाकणार का. खूप हसलो.

सहा मिनिटांचा अॅनिमेशनपट करायचा आहे. त्रिवेणी संगणकात आभासी गाव उभारते, मी आराखडा लिहिते. १९४६ साली एकनाथरावांच्या गावी पाटलाने वेठ नाकारणाऱ्या एका घरातल्या पाच जणांना खळ्यावर कुऱ्हाडीने मारलं. तो पाटील म्हणजे एकनाथरावांचे वडील. आपल्या घराचं पाप नातच जगासमोर मांडते आहे! वीस वर्षं सभांमधून मी हेच सांगत आले: झाकलेला खून दोनदा होतो.

१० सप्टेंबर
डोळ्यांवर हेडसेट चढवला की कानांत नल्लकुंट्याच्या रिक्षा, पण पायाखाली खळं. मरणारी पाच पात्रं संगणक चालवतो. मारेकऱ्याच्या हालचाली मात्र माणसाने द्यायच्या. अंगावर सेन्सरचे पट्टे बांधायचे. आपण हात उचलला की त्याचा हात उचलला जातो.

एका वाराला एक, अशी पाच दृश्यं आखली. एकनाथराव तेव्हा पाच वर्षांचे होते, बैलगाडीखाली लपून पाहत होते. आवाज न चढवता सांगत गेले. पहिला वार म्हाताऱ्याच्या खांद्यावर, दुसरा त्याच्या मुलाच्या मानेवर. सून पळाली, तिला केसांना धरून मागे ओढलं. उरलेल्या दोघांचं सांगताना ते उठून गेले.

१२ सप्टेंबर
पितृपक्ष चालू आहे. घरात सगळ्या पितरांची पानं वाढतात, त्या एकाचं नाही. फोटो नाही. नाव कुणी घेत नाही. त्रिवेणीला ते माहीतही नाही. जेवायला घातलं नाही आणि हाक मारली नाही, की आलेला परत जातो, असा घरचा समज.

मी भडकले. खुन्याला निनावी ठेवणं म्हणजे त्याला अभय देणं. जमिनीच्या जुन्या कागदांत नाव शोधलं: प्रतापराव.

एकनाथरावांनी हात जोडले. "नक्को वैशालीबाई. त्यांना अंग देऊ नका, नाव देऊ नका."

मी वीस मिनिटं बोलले. इतिहास, न्याय, जबाबदारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लई छान बोलता तुम्ही," ते म्हणाले. "ते पण छान बोलायचे."

१४ सप्टेंबर
पाटलाला माझाच चेहरा दिला, वर मिशा. त्याच्यासाठी भाषण लिहिलं. वार करण्याआधी तो गावाला पटवून देतो की हे का गरजेचं आहे, आणि शेवटी स्वतःचं नाव सांगतो. भाषण उत्तम झालं. म्हणताना मला क्षणभर पटलं.

कुऱ्हाड म्हणून लाटणं घेतलं. त्रिवेणीला पहिल्याच वेळी हवं ते मिळालं. मी अकरा वेळा केलं. लाटणं मोडलं.

१६ सप्टेंबर
चित्रण पाहिलं. वार बसल्यावर तो मनगट वळवतो, हाडात रुतलेलं पातं मोकळं करायला. मी तसं केलं नव्हतं. एकनाथरावांना दाखवलं. म्हणाले की हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला कसं कळलं.

१७ सप्टेंबर
पट्टे टेबलावर आहेत. हेडसेटच्या आत तो वार करतोच आहे. सून दोन्ही हात वर करते, बोटं उडतात. आमच्या आराखड्यात हे नव्हतं.

यादीत आता सहा दृश्यं आहेत. सहाव्यात खळं नाही. हा जिना, ही खोली. खाली पडलेली मुलगी त्रिवेणी. डोकं दोन ठिकाणी—

पुसलं. परत आलं. तिला सांगितलं, तर म्हणाली की सिस्टीम परेशान करते आहे, आपण फाइल बदलू.

१८ सप्टेंबर
तळहातांना फोड. खाटेखाली नवी कुऱ्हाड, चिक्कडपल्लीच्या दुकानाच्या पिशवीत. मी गेले कधी? त्रिवेणीला म्हटलं, घर सोड. आजोबांना एकटं टाकून जाणार नाही म्हणाली.

१९ सप्टेंबर, दुपार
त्रिवेणी विद्यानगरला गेली आहे. एकनाथराव समजावायला वर आले. माझा हात—

खांद्यावर. आणि मग मनगट वळलं. आपोआप. रक्त भिंतीवर, पुस्तकांवर. ते सरपटत बाहेर गेले, बाहेरून कडी घातली. शहाणा माणूस. दाराबाहेर कण्हत होते. आता नाही.

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा कुऱ्हाड सोडत नाही.

फाटक वाजलं. त्रिवेणी—

जिन्यात किंचाळली. त्यांना पाहिलं असेल. तिला वाटतंय, मारणारा पळाला आणि मला कोंडून गेला. आंटी, उघडते, म्हणते आहे—

मी ओरडते आहे, नको उघडूस. तोंडातून त्याचं भाषण निघतंय. शब्द न् शब्द माझे. थांबत नाही. नावापर्यंत आलं—

कडी—