साध्या इंजिनाची गाडी

नाना, काल मी गाडी बुक केली. तुम्हाला गाडी म्हणजे धुळ्याची एसटी, नाहीतर कारखान्यातल्या शेठची पांढरी मोटार, एवढंच ठाऊक. ही त्या मोटारीची पणती शोभेल अशी आहे. तिचे दोन प्रकार निघतात. बाहेरून सख्ख्या बहिणी: तेच दिवे, त्याच चामड्याच्या सीटा. फरक नुसता इंजिनाचा. साधी निमूट चालते, आणि दुसरीवर पाय ठेवायचा अवकाश, डोकं मागे आपटतं. तुमची नात, माझी मुलगी, आता कडोदऱ्याच्या आपल्या कापडाच्या युनिटचं सूतखरेदीपासून सगळं बघते. ती दुसरीसाठी अडून बसली होती. "पप्पा, आख्खी जिंदगी साधंच घेतलं तुम्ही. एक वार तो टॉपवाळी लो." शोरूमचा माणूस तिच्याच बाजूचा. "बेस मॉडेल तो बधा लई जाय छे, सर," साधी तर सगळेच नेतात, असं म्हणून मला लाजवत होता. मीही थोडा पाघळलो होतो, खोटं कशाला बोलू.

चालवून बघायला आम्ही इच्छापोरकडे गेलो. ती चालवत होती, मी शेजारी, शोरूमचा माणूस मागे. रस्ता मोकळा मिळाला तसा तिनं पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज चढत गेला. तो आवाज ऐकला आणि माझा हात आपोआप तिच्या तोंडापुढे गेला, डोळे झाकायला. तिला रस्ताच दिसेना. दुभाजकाला घासता घासता गाडी वाचली. बाजूला थांबवून ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मारून टाकलं असतं आपल्याला." मागच्या माणसानं दोन्ही हातांनी सीट धरली होती. मला तिची माफीसुद्धा मागता आली नाही.

त्या आवाजासरशी मी पुन्हा एकोणीस वर्षांचा आहे. पर्वत पाटियाच्या मागच्या कारखान्यात आपल्या दोघांत मिळून चार लूम, विजेवरचे माग, आहेत, रातपाळी माझी, दिवसपाळी तुमची. सकाळी पाळी बदलते तेव्हा मशीन कोणी बंद करत नाही. जाणारा बाजूला सरकतो, येणारा त्याच्या जागी उभा राहतो, कापड निघतच असतं. जितके कापडाचे ताके तितकी मजुरी, म्हणून आज रात्री मी एका लूमच्या मोटरला मोठी पुली चढवली आहे, मशीन जोरात पळावी म्हणून. तुम्ही नेहमी बजावायचात, "धागाले बी दम लागस. चालस तशी चालू दे." म्हणूनच तुम्हाला सांगितलेलं नाही. आठवड्याभरात जास्त ताके दाखवायचे आणि मग तुमचं तोंड बघायचं, असा माझा बेत. तुम्ही येता, डबा खुंटीला अडकवता, मी सरकतो. तुम्ही धागा बघायला वाकता. आवाज नेहमीपेक्षा चढलेला आहे हे तुमच्या ध्यानात येतं, तुम्ही मान वर करता, आणि लोखंडी टोकाचा तो धोटा, धागा घेऊन या काठापासून त्या काठाला पळणारा, मशिनीतून सुटून सरळ तुमच्या डाव्या डोळ्यावर येतो.

शेठ धावत आला. "पुली कोणे बदली?" तुम्ही डोळ्यावर फडकं दाबून खाली बसला होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मैंने बदली, सेठ. पोराले काही ठाऊक नही." मी तिथंच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

डोळा गेला. लूमवर तुम्हाला परत घेतलं नाही, उरलेली वर्षं तुम्ही धाग्याच्या कांड्या भरत बसलात, आणि चारही लूम माझ्या एकट्याच्या हिशोबात आले. तिथूनच मी वर आलो. माय शेवटपर्यंत तुम्हाला टोचत राहिली, "एवढी कसानी हाव व्हती?" तुम्ही भाकर मोडत राहायचात, मी ताटात बघत राहायचो. नातेवाइकांत तुम्ही हावरट ठरलात, आणि तुमच्या नातीनं जन्मल्यापासून तेच ऐकलं. आपण दोघंच असतानाही तुम्ही कधी विषय काढला नाहीत. एखादी कानफटात दिली असतीत तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. ही पळवाट आहे हेही कळतं.

शोरूममध्ये परतल्यावर चहा आला. ती जरा निवली होती. म्हणाली, "पप्पा, खरं कारण सांगा. पटलं तर साधीच घेऊ." शोरूमचा माणूस कागद आणायला आत गेला होता, टेबलाशी आम्ही दोघंच. सांगायला इतकी मोकळी वेळ मला पुन्हा मिळायची नाही. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "तुझ्या आजोबांनी वेगाची हाव धरली, त्यात त्यांचा डोळा गेला. मी समोर उभा होतो." तिचे डोळे भरून आले. तिनं माझा हात धरला. "सॉरी पप्पा. मने खबर नोती के तमे त्यां हता." मी तिथं होतो, हे तिनं आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. साध्या गाडीच्या कागदावर सही करायला पेन तिनंच पुढे केलं.

नाना, मला माझी शरम वाटते. ते खोटं तुम्ही एकदाच बोलला होतात, मला वाचवायला. काल मी ते एका इंजिनासाठी वापरलं, आणि वर पोरीची माया मिळवली. ती कालपासून माझ्याशी फार जपून वागते आहे. आज सकाळी तिनं तुमच्या फोटोकडे बघून मान हलवली, वेड्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

हे लिहायला बसलो तेव्हा कागदावर पहिलं नाव तिचं लिहिलं होतं. अर्धा तास त्याच्यापुढे काही सुचेना. मग दुसरा कागद घेतला आणि तुम्हाला लिहायला लागलो, कारण तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत.